विश्लेषण : आगोटीची बेगमी पावसाने भिजवली, तर भरपाई कोणाकडे मागायची?

भाईंदर पश्चिमेच्या डोंगरी-उत्तन पट्ट्यात बर्फ पडत नाही. पण बर्फाळ मुलखातली माणसे लांबलचक हिवाळ्यासाठी जे करतात, तेच इथली माणसे पावसाळ्यासाठी करत आली आहेत : ऊन असेपर्यंत सुकवायचे, भरून ठेवायचे आणि बंद महिने त्यावर काढायचे. या साठवणीचे शेवटचे आठवडेच आता पाऊस खाऊ लागला आहे.

आगोट म्हणजे काय?

पावसाळ्याच्या तोंडावरचा काळ म्हणजे आगोट. ठाणे, पालघर, रायगडच्या किनारपट्टीत आगोटीची बेगमी हा घरोघरचा विषय. तांदूळ, कडधान्ये, चिंच, कांदे, पापड आणि सुकी मासळी भरून ठेवायची. डोंगरीसारख्या ईस्ट इंडियन वस्तीच्या गावांत याच दिवसांत मिरच्या आणि मसाल्याचे जिन्नस उन्हात वाळवून वर्षाचा ‘बॉटल मसाला’ कुटला जातो.

ही हौस नव्हे, गरज आहे. राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. सांताक्रूझ वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. अशा दिवसांत ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग. तेव्हा ताटात येतात ते सुके बोंबील, जवळा, सुकट.

मासळी सुकते कशी?

डोंगरीला लागून असलेल्या उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांत बांबूच्या उंच वलांडी दिसतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची. बोंबलाच्या अंगात पाणी भरपूर, त्यामुळे त्याला कडक ऊन आणि खेळता वारा सलग काही दिवस लागतो. मधेच सर आली, की माल काळा पडतो, अळ्या होतात आणि खाण्याच्या भावाने जाणारी मासळी खताच्या किंवा कुटीच्या भावाने द्यावी लागते. हे काम प्रामुख्याने कोळी महिलांचे. म्हणजे नुकसानही आधी त्यांच्याच पदरात पडते.

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर फेब्रुवारी ते मे या काळात कॉड मासा असाच लाकडी मांडवांवर टांगतात. तिथे काम करते थंडी, इथे ऊन. वारा दोन्हीकडे हवा. काश्मीरमध्ये हिवाळ्यासाठी भाज्या सुकवून ‘होखस्यून’ करतात. भूगोल वेगळा, शहाणपण एकच : हवामान ठरलेल्या वेळी येईल, या विश्वासावर उभे राहिलेले.

मग बिघडले काय?

तो विश्वासच डळमळला. मोसमी पाऊस मुंबईत साधारणपणे ११ जूनला पोहोचतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला. म्हणजे १६ दिवस आधी. त्याआधीचा मे महिनाही अवकाळी सरींचा होता. दुसऱ्या टोकालाही बदल आहे. हवामान विभागाने २०२० मध्ये तारखांचा फेरआढावा घेतला, तेव्हा मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख सप्टेंबरअखेरीवरून ८ ऑक्टोबरवर गेली. मोसम नव्याने सुरू होतो तोही याच सुमारास.

त्यात चक्रीवादळे. २०१९ मध्ये ‘क्यार’ आणि ‘महा’, जून २०२० मध्ये ‘निसर्ग’, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवून दिले, की १९८२-२००० च्या तुलनेत २००१-२०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. यातली बरीचशी नेमकी मे-जून किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे सुकवणीच्या दिवसांत येतात.

भरपाईचे काय?

खरी अडचण इथे आहे. शेतातले भात भिजले तर पंचनाम्याची वहिवाट तरी आहे. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत मच्छीमारांसाठी तरतूद आहे ती प्रामुख्याने होडी आणि जाळ्यांच्या नुकसानीची. वलांडीवर भिजलेला बोंबील त्यात कुठे बसवायचा? राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. या दर्जाला अर्थ यायचा असेल, तर खळ्यावरचे धान्य आणि वलांडीवरची मासळी एकाच मापाने मोजली पाहिजे.

उपाय कोणते?

सौर वाळवणी यंत्रे आहेत. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने ती विकसित केली आहेत आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिला लाभार्थींना ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते. पण शेकडो किलो बोंबील उघड्या वाऱ्यावर सुकवणाऱ्या वलांडीची जागा एक छोटे यंत्र घेऊ शकत नाही. उरलेले ४० टक्के आणायचे कुठून, हाही प्रश्न आहेच. म्हणून घरोघरी यंत्र देण्यापेक्षा सहकारी संस्थांमार्फत सामाईक वाळवणी केंद्रे, उंच ओटे आणि झटपट ओढता येईल असे छप्पर, हा मार्ग अधिक व्यवहार्य वाटतो.

दुसरी गोष्ट बिनखर्चाची. आज इशारे दिले जातात ते समुद्रात जाणाऱ्यांसाठी : वारा किती, लाटा किती. किनाऱ्यावर मासळी टांगणाऱ्या बाईला हवे असते वेगळेच : पुढचे तीन दिवस ऊन आहे का, हवेत दमटपणा किती? ही माहिती हवामान विभागाकडे आहे. ती मराठीत, मोबाइलवर, गावाच्या नावाने पोहोचवणे अवघड नाही.

आगोट पुढे-मागे सरकणारच. ती थोपवणे डोंगरी-उत्तनच्या हातात नाही. पण भिजलेल्या वलांडीचा पंचनामा करणे सरकारच्या हातात नक्कीच आहे.