पिस्तूल लाखाचं, पण मूठ कुणाच्या हाताची?

पॅरिस ऑलिम्पिकमधला तो तुर्की नेमबाज आठवतोय ना? युसुफ डिकेच. एक हात खिशात, डोळ्यांवर साधा चष्मा, अंगात टी-शर्ट. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याचे फोटो आपल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. "बघा, काही सामान लागत नाही, नुसती हिंमत लागते," असे मेसेज आले. मिश्र दुहेरीत रौप्यपदक मिळवलं त्याने, कौतुक व्हायलाच हवं. पण त्या फोटोत एक गोष्ट कुणी बघितली नाही. त्याच्या हातातल्या पिस्तुलाची मूठ. बोटांच्या आकाराने कोरलेली, तळहाताखाली सरकती फळी असलेली. चष्मा साधा चालतो, मूठ साधी चालत नाही.

आज हा विषय काढण्याचं कारण आपल्या घरातली मुलं आहेत. मनू भाकरने पॅरिसमध्ये एअर पिस्तुलात दोन कांस्यपदकं जिंकली. पाठोपाठ राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवलं. तेव्हापासून नेमबाजीची चौकशी करणारे पालक नेरुळ-खारघरपासून पनवेलपर्यंत भेटतात. आपल्याकडे ही परंपरा नवीनही नाही. ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब पनवेलमध्येच आहे. पिस्तुलात तर कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं. म्हणजे मुलांना स्वप्न बघायला जागा आहे. प्रश्न स्वप्नाचा नाही, हाताच्या मापाचा आहे.

आता जरा तांत्रिक, पण सोपं करून सांगतो. १० मीटर एअर पिस्तूल एका हाताने धरायचं असतं. वजन दीड किलोपर्यंत चालतं, बहुतेक पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. ७५ मिनिटांत ६० शॉट. मुलींना पूर्वी ४० असायचे, २०१८ पासून त्यांनाही ६०. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत एक मिलिमीटर जरी बाजूला गेली, तरी छर्रा लक्ष्यावर सुमारे तीन सेंटिमीटर सरकतो. दहाचा शॉट सातवर!

हा एक मिलिमीटर कुठून येतो? बऱ्याचदा मुठीतून. मूठ मोठी असेल तर तर्जनी ट्रिगरपर्यंत सरळ पोचत नाही. मूल बोट ताणतं आणि ट्रिगर सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतं. मूठ सैल असेल तर प्रत्येक शॉटला पकड वेगळी बसते. मग मूल जोरात आवळतं, मनगट थरथरतं, तास-दीड तासाच्या सरावानंतर हात दुखतो. आणि आपण म्हणतो, "एकाग्रता नाही रे तुझी!"

मंडळी, एकाग्रता असते. मूठ दुसऱ्याची असते.

परदेशात या मुठी वेगळ्या विकत मिळतात. स्वित्झर्लंडची मोरिनी, जर्मनीची रिंक ही नावं या खेळातल्या सगळ्यांना माहीत आहेत. स्मॉल, मीडियम, लार्ज अशी मापं, उजवा हात वेगळा, डावा हात वेगळा, लाकूड बहुधा अक्रोडाचं. तीही घेतली की लगेच चालते असं नाही. कानस लावायची, पॉलिश पेपर मारायचा, पोकळ जागी पुटी भरायची, पुन्हा धरून बघायचं. जगभरचे मोठे खेळाडू हेच करतात. यात लाड नाहीत, चैन नाही. शिंप्याकडे शर्टाचं माप देतो तसंच हे.

आपल्याकडे काय होतं? सरावाला मिळणारं पिस्तूल सगळ्यांचं एकच. सकाळी बारा वर्षांची मुलगी धरते, संध्याकाळी सहा फुटी तरुण. बहुतेक ठिकाणी मूठ उजव्या हाताची. डावखुरं मूल आलं की त्याला "उजव्या हाताने शीक" असं सांगितलं जातं. इथे हंगेरीच्या कारोली टाकाच यांची गोष्ट सांगायला हवी. १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्यांचा उजवा हात गेला. हा माणूस डाव्या हाताने नेमबाजी शिकला आणि १९४८ ला लंडनमध्ये, १९५२ ला हेलसिंकीत सुवर्णपदक जिंकला. ज्या हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं, तेच ऑलिम्पिक. टाकाच यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता. आपल्या डावखुऱ्या मुलांपुढे आहे, तरी आपण त्यांचा चांगला हात बाजूला ठेवायला सांगतो.

दुसरी बाजूही मांडतो. अनुभवी प्रशिक्षक म्हणतात, आधी उभं राहणं, श्वास, ट्रिगर शिकू दे, सामानाचं नंतर बघू. बरोबर आहे. मुठीने कुणी चॅम्पियन होत नाही. ऑनलाइन मिळणारी रबरी कव्हरं, चिकटपट्ट्या, बोटांचे खाचे असलेले स्लीव्ह घेऊन पैसे घालवणारेही आहेत. त्यातलं बरंचसं सामान स्पर्धेसाठी बनलेलंच नसतं. आंतरराष्ट्रीय नियम कडक आहेत. एअर पिस्तूल मुठीसकट ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. मुठीचा कुठलाही भाग हाताच्या पलीकडे टेकता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. त्या हातात घड्याळ किंवा मनगटी पट्टासुद्धा चालत नाही. स्पर्धेच्या सकाळी तपासणीत पिस्तूल अडकलं तर मुलाचं काय होईल, विचार करा. म्हणून पालकांनो, प्रशिक्षकाला दाखवल्याशिवाय काही मागवू नका.

पण "नंतर बघू" मधलं "नंतर" कधी येतं? ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्याकडे लवकर. ते लाखाच्या पुढचं आयात पिस्तूल घेतात, सोबत योग्य मापाची मूठही. रिक्षावाल्याचा मुलगा, माथाडी कामगाराची मुलगी क्लबच्या पिस्तुलावरच राहते. दोघांचे गुण शेजारी ठेवून आपण म्हणतो की पहिल्यात टॅलेंट जास्त. ही तुलनाच खोटी आहे. माझा मुद्दा एवढाच आहे.

शिवाय मुलांचे हात वाढतात. बाराव्या वर्षी घेतलेली मूठ पंधराव्या वर्षी लहान होते. प्रत्येक घराने स्वतःची घेणं परवडणारंही नाही आणि शहाणपणाचंही नाही. मग उपाय काय? माझ्या मते तीन गोष्टी आहेत, आणि तिन्ही जमण्यासारख्या.

एक. सार्वजनिक पैशातून पिस्तुलं घेतली जातील तिथे एकाच मॉडेलची घ्यावीत. मूठ मॉडेलप्रमाणे बसते, एकाची दुसऱ्याला चालत नाही. मॉडेल एक असलं की पाच पिस्तुलांना दहा-बारा वेगवेगळ्या मापांच्या मुठी ठेवता येतात. त्यात दोन तरी डाव्या हाताच्या. हात वाढला की मुलाने जुनी परत करायची, मोठी घ्यायची. लायब्ररीसारखं.

दोन. महापालिकेचा क्रीडा विभाग असो की जिल्हा क्रीडा कार्यालय, साहित्याच्या यादीत "मुठी, विविध मापांच्या" ही ओळ आली पाहिजे. पिस्तुलाच्या किमतीपुढे हा खर्च छोटा आहे. उद्घाटनाला फीत कापण्यासारखं त्यात काही नाही, म्हणूनच ती ओळ राहून जाते.

तीन. आपल्या शहराच्या उशाला ठाणे-बेलापूर पट्ट्याची एवढी मोठी एमआयडीसी आहे. लाकूड कोरणारी सीएनसी मशीनं, थ्रीडी प्रिंटिंग आज दुर्मिळ राहिलेलं नाही. परदेशात थ्रीडी प्रिंट केलेल्या मुठी वापरात आहेत. हाताचं माप घेऊन, नियमाची पेटी समोर ठेवून इथे मूठ का बनू नये? आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना प्रोजेक्टचे विषय हवे असतात. घ्या की हा.

तोवर पालकांसाठी एक साधी चाचणी. प्रशिक्षकासमोर, रिकाम्या पिस्तुलावर, रेंजवरच करायची. मुलाने डोळे मिटून पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने उचलायचं आणि मग डोळे उघडायचे. पुढची साईट मागच्या खाचेच्या मध्ये दिसते का? दहापैकी आठ वेळा ती एकाच बाजूला जात असेल, तर मुलाला रागावण्याआधी मूठ तपासा.

पदक आलं की आपण बॅनर लावतो, सत्कार करतो. करूया. पण बॅनरच्या आधी त्या हातात त्याच्या मापाची मूठ द्यायला नको का?

तुमचं मूल नेमबाजी करत असेल तर कमेंटमध्ये लिहा: हात उजवा की डावा, आणि पिस्तूल स्वतःचं की क्लबचं. मुलाचं नाव नको. तेवढी यादी हातात आली की निवेदन घेऊन जाता येईल.