‘अ वेनस्डे’च्या कथेतलं सगळ्यात मोठं भोक

नीरज पांडे यांचा ‘अ वेनस्डे’ ५ सप्टेंबर २००८ रोजी आला. दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा म्हणून राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नसीरुद्दीन शाहचा बिननावाचा ‘कॉमन मॅन’ शहरभर बॉम्ब पेरल्याची धमकी देतो आणि चार दहशतवादी सोडायला लावतो. ते त्याचे साथीदार नसतात, त्याला ते मारायचे असतात. तिघं स्फोटात जातात, चौथ्याला पोलीस गोळ्या घालतात. आजही हा सिनेमा टीव्हीवर लागला की शेवटाला टाळ्या पडतात.

कथेतली भोकं मोजायला बसलं तर बरीच सापडतात. भाजीची पिशवी घेऊन घरी जाणारा माणूस स्फोटकं मिळवतो, मुंबई पोलिसांच्या यंत्रणेला दिवसभर चकवतो आणि हे सगळं इंटरनेटवर शिकल्यासारखं सांगतो. खटला चालू असलेला कैदी न्यायालयाच्या ताब्यात असतो. त्याला बाहेर काढायला न्यायालयाचा आदेश लागतो. इथे मुख्यमंत्र्यांचा होकार पुरतो, न्यायाधीश नावाचा प्राणी पडद्यावर फिरकतही नाही. चार कैदी मरतात आणि पोलीस आयुक्त सांगतात की या दिवसाची नोंद कुठेच नाही. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय सगळा प्रकार चॅनलवर चालू होता. नोंद नाही कशी?

ही भोकं माफ करता येतात. थ्रिलरमध्ये एवढं चालायचंच. माफ न करण्यासारखं भोक वेगळं आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. हे चौघे गुन्हेगारच आहेत, हे कॉमन मॅनला कसं कळलं?

दिग्दर्शकाने ही अडचण सोपी करून टाकली. चौघेही खरोखरच दहशतवादी दाखवले. प्रेक्षकाच्या मनात शंकेला जागाच ठेवली नाही. पण हा माणूस चिडला आहे तो ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांवर. ते स्फोट खरे होते, माणसं खरी मेली. मग खऱ्या मुंबईतल्या कॉमन मॅनने यादी कुठून काढली असती? वर्तमानपत्रातून. अटकेच्या बातम्यांतून.

त्या यादीचं काय झालं ते बघा. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. तेरावा आरोपी अब्दुल वाहिद शेख, आमच्याच पेशातला शाळामास्तर, नऊ वर्षं तुरुंगात काढून निर्दोष सुटला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. न्यायालयाने निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यापुरती स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

मालेगावचंही तेच. सप्टेंबर २००६ च्या स्फोटानंतर नऊ मुसलमानांना पकडलं. सिनेमा लागला तेव्हा ते आतच होते. हयात असलेल्यांना दोषमुक्त व्हायला २०१६ उजाडलं. कॉमन मॅनच्या हाती त्या वेळी यादी पडली असती, तर ही नावं त्यात असती.

‘पण त्यात मुस्लिम अधिकारी चांगला दाखवलाय, नायकाचा धर्मही सांगितला नाही,’ असं म्हटलं जातं. मान्य. आरिफ खान शूर आहे. पण त्याला शौर्य सिद्ध करायला एका ताब्यातल्या कैद्याला संपवावं लागतं, हेही बघा. आणि नायकाच्या नावाची एवढी काळजी घेणाऱ्या सिनेमाला मारल्या जाणाऱ्यांची नावं मात्र ठळक सांगायला हरकत वाटली नाही.

खटले रेंगाळतात ही त्या माणसाची तक्रार शंभर टक्के खरी आहे. लोकल स्फोटात ज्यांची माणसं गेली, त्यांना एकोणीस वर्षांनी हाती काय आलं? रिकामी पाटी. बेगुनाह आत सडला तेवढी वर्षं खरा गुन्हेगार निवांत बाहेर फिरला. दोघांचाही इन्साफ एकाच ठिकाणी अडकला आहे: चुकीच्या तपासात.

यावर उपाय चांगला तपास आणि वेगवान न्यायालय हाच आहे. सिनेमाने मात्र तपासच गाळला आणि थेट शिक्षेवर टाळ्या घेतल्या. पुढच्या वेळी टाळी वाजवण्याआधी एवढंच विचारा: यादी कुणी केली?