डायलिसिसचे यंत्र आले; शिरेचे काय?

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला डायलिसिसने जगवता येते, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही माहीत झाली आहे. केंद्र सरकारने २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. देशात दर वर्षी अशा २ लाख २० हजार नव्या रुग्णांची भर पडते आणि त्यांच्यापायी ३ कोटी ४० लाख डायलिसिसची वाढीव गरज निर्माण होते, असा हिशेब अर्थमंत्री अरुण जेटली यांनी त्या वेळी मांडला होता. जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसविण्याचे धोरण त्यातून आले. महाराष्ट्रात महात्मा फुले जनआरोग्य योजनेनेही या खर्चाचा भार हलका केला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु रुग्ण आणि यंत्र यांना जोडणारा जो दुवा, त्याची चिंता या धोरणात अभावानेच दिसते. आणि पुष्कळांच्या जिवावर बेतते ते नेमके तेथेच.

यंत्राला मिनिटाला दोनशे-तीनशे मिलीलिटर रक्त लागते. हाताची साधी शीर एवढे रक्त देऊ शकत नाही. न्यूयॉर्कमधील ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये यावरचा उपाय प्रसिद्ध केला. मनगटाजवळ रोहिणी आणि नीला जोडली की नीला फुगते, जाड होते आणि वर्षानुवर्षे सुया सोसते. हाच फिस्टुला. मात्र तो वापरण्याजोगा होण्यास सहा-आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. तेवढी सवड नसेल, तर मानेच्या किंवा जांघेच्या मोठ्या शिरेत नळी, म्हणजे कॅथेटर, घालावी लागते.

ही नळी तातडीची सोय आहे, कायमची व्यवस्था नव्हे. तात्पुरत्या प्रकारची नळी मानेत दोन आठवड्यांहून अधिक ठेवू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. जांघेतील नळीची मुदत त्याहूनही कमी. कारण उघड आहे. त्वचेवरचे जंतू त्या नळीच्या कडेने किंवा तिच्या तोंडातून थेट रक्तात शिरतात. तेथून ते हृदयाच्या झडपांवर, मणक्यांत, सांध्यांत ठाण मांडतात. फिस्टुलात हा धोका सर्वांत कमी, नळीत सर्वांत अधिक.

घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावाकडे या दृष्टीने पाहावे. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून चाळीसेक किलोमीटरवर. वैशाखाच्या उन्हात, एस.टी.च्या गर्दीत, घामाने भिजलेली मानेवरची पट्टी सांभाळत आठवड्यातून दोन-तीनदा ही वाट तुडवायची, म्हणजे जंतूंना आवतणच. त्यात नळी असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला, तर गावात तो हिवताप समजला जाण्याचा संभव मोठा. वास्तविक असा ताप नळीतील जंतुसंसर्गाचाच आहे असे धरून चालावे, प्रतिजैविक देण्यापूर्वी रक्त तपासणीस घ्यावे आणि रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. एका दिवसाचा विलंबही घातक ठरू शकतो.

हा दैवाचा खेळ नाही. अमेरिकेत २०१७ ते २०२० या काळात डायलिसिसवरील रुग्णांना स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा रक्तसंसर्ग होण्याचे प्रमाण इतर प्रौढांच्या शंभरपट होते. तथापि त्याच देशात २०१४ ते २०१९ या काळात डायलिसिसच्या रुग्णांतील रक्तसंसर्ग सुमारे ४० टक्क्यांनी घटला. त्यासाठी कोणतेही नवे अद्भुत औषध निघाले नव्हते. नळ्यांचा वापर कमी करणे, हात धुणे, नळीचे तोंड प्रत्येक वेळी जंतुनाशकाने पुसणे आणि झालेल्या संसर्गाची नोंद ठेवणे, एवढ्यानेच बरेच साधले.

आपल्याकडे मात्र कार्यक्रमाचे यश मोजले जाते ते केंद्रे, यंत्रे आणि झालेली सत्रे यांच्या आकड्यांत. किती रुग्ण नळीवर आहेत, ती किती दिवसांची आहे, किती जणांना रक्तसंसर्ग झाला, हे आकडेही प्रत्येक केंद्राने दरमहा जाहीर करावेत. जे मोजले जात नाही, त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. मधुमेह व रक्तदाब असलेल्यांची क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी ग्रामीण रुग्णालयात नियमाने झाली, तर डायलिसिसची वेळ काही महिने आधी ओळखता येते. मग यवतमाळहून शल्यविशारदाने ठरावीक दिवशी तालुक्याला येऊन रुग्ण निवडणे आणि त्यांचा फिस्टुला वेळेत करून देणे अशक्य नाही.

येथे सुशिक्षितांचाही वाटा आहे. दवाखान्याचे कागद घेऊन गावकरी पुष्कळदा शाळेतल्या गुरुजींकडे किंवा कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाकडे जातो. त्यांनी त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. मूत्रपिंडाचा विकार कळताच ज्या हाताने कामे करत नाही, त्या हाताच्या शिरेत सलाइनची सुई टोचू देऊ नये. आणि ‘फिस्टुला केव्हा करायचा?’ हा प्रश्न डॉक्टरांना आपणहून विचारावा. सरकारने यंत्र दिले, हे बरेच झाले. पण शिरेची काळजी घेतली नाही, तर मूत्रपिंडाच्या विकारातून वाचविलेला माणूस रक्तदोषाने जाईल, आणि सरकारी तक्त्यात त्याची सत्रे तेवढी यशस्वी म्हणून शिल्लक राहतील.