बक्षिसी म्हणजे वेतन नव्हे

ज्या श्रमाला भांडवलशाही पुरेसा दाम देत नाही, त्याची गाणी मात्र ती मोठ्या हौसेने गाते. इंग्लंड-अमेरिकेच्या लोकप्रिय संगीतातील वेट्रेस हे याचे उत्तम उदाहरण होय. 'सुपरट्रॅम्प' या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७९ सालच्या 'ब्रेकफास्ट इन अमेरिका' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर एक हसतमुख वेट्रेस स्वातंत्र्यदेवतेच्या पवित्र्यात उभी आहे. हातात मशालीऐवजी संत्र्याच्या रसाचा पेला. १९८१ साली 'ह्यूमन लीग'चे जे गाणे गाजले, त्यातील पुरुष एका वेट्रेसला आपणच वर आणले असा दावा करतो. तीही आपले म्हणणे मांडते, पण ते सुटून गेल्यावर. मागे राहिलेल्या आणि अजूनही ताटे उचलणाऱ्या स्त्रीला कोणते कडवे मिळाले?

त्या मानाने चित्रकार अधिक प्रामाणिक ठरला. एदुआर माने याने १८८२ साली पॅरिसच्या 'फोली-बेर्जेर'मधील बारमागची तरुणी रंगविली. समोर बाटल्या, संत्री, मागे आरशात गिऱ्हाइकांची गर्दी आणि मधोमध तिची हरवलेली नजर. विक्रीच्या मालाच्या रांगेतच तिलाही उभे केले आहे, हे मानेने लपविले नाही.

आता गाण्याकडून हिशेबाकडे वळू. अमेरिकेत १९६६ साली हॉटेल-कामगार प्रथमच मोठ्या प्रमाणावर किमान वेतनाच्या कायद्याखाली आले. परंतु त्याच दुरुस्तीने मालकांना गिऱ्हाइकांची बक्षिसी वेतनात धरण्याची मुभा दिली. १९९१ साली अशा कामगारांचे मालकाने द्यावयाचे किमान वेतन ताशी २.१३ डॉलर ठरले. १९९६ साली सर्वसाधारण किमान वेतन वाढविताना या दराचा त्याच्याशी असलेला संबंध तोडण्यात आला. सर्वसाधारण दर २००९ साली ७.२५ डॉलरवर गेला, २.१३ तेथेच राहिले. या काळात किमती दुपटीहून अधिक वाढल्या आहेत. बक्षिसी धरूनही ७.२५ भरले नाहीत, तर तूट मालकाने भरून द्यावी असे कायदा सांगतो. पण ज्याच्या मर्जीवर उद्याची पाळी अवलंबून आहे, त्याच्याकडे ती तूट मागावयाची कोणी?

मालकांचा युक्तिवाद ठरलेला आहे : बक्षिसीत वेतनाहून अधिक मिळते आणि स्त्रियांनाही तीच हवी असते. काही नामांकित उपाहारगृहांत हे खरेही असेल. परंतु पावसाळी दुपारी गिऱ्हाईक फिरकले नाही, तर धंद्याची तोटीची बाजू वेट्रेसच्या पदरात आणि भरभराटीचा नफा मात्र मालकाच्या गल्ल्यात, असा हा करार आहे. शिवाय, पोटाची भाकरी ज्याच्या खुशीवर, त्याची लघळ थट्टा आणि आगाऊ स्पर्श हसून सोसावा लागतो. वेतन हक्काने मागता येते. बक्षिसी मागितली तर ती भीक ठरते. पूर्ण वेतन दिले तर धंदा बुडेल, असेही सांगण्यात येते. कॅलिफोर्नियासह सात राज्यांत बक्षिसी वेतनात धरता येत नाही, आणि तेथील उपाहारगृहांना टाळी लागलेली नाहीत. २०२५ साली तर सरकारने बक्षिसीवर प्राप्तिकराची सवलत दिली. म्हणजे भार सरकारी तिजोरीवर. मालकाला एक सेंटचीही तोशीस नाही!

आपणही हात झटकू नयेत. २००५ साली महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले, पण तीन तारांकित व त्यावरील हॉटेले वगळली. श्रीमंतांच्या करमणुकीने संस्कृती बुडत नसावी! ती बंदी उच्च न्यायालयाने २००६ साली रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या निकालात नोटांची उधळण निषिद्ध राहिली, बक्षिसी मात्र ग्राह्य ठरली. या दीर्घ वादात नीतीची चर्चा उदंड झाली. उधळलेल्या नोटांवर जगणाऱ्या स्त्रीला मालकाकडून नियमित वेतन किती मिळते, हा प्रश्न किती व्यासपीठांवरून विचारला गेला?

सिएटलच्या वेट्रेसांनी १९०० साली अ‍ॅलिस लॉर्ड यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभारली. १९११ साली वॉशिंग्टन राज्यात स्त्री-कामगारांसाठी आठ तासांच्या दिवसाचा कायदा झाला, त्यामागे या संघटनेची चिकाटी होती. ना गाण्याने, ना गिऱ्हाइकाच्या दिलदारीने; संघटनेने हे घडविले. आपल्या कार्यकर्त्यांनी हॉटेल-कामगारांत काम करताना पहिली मागणी हीच ठेवावी : पूर्ण वेतन मालकाच्या खात्यातून, हजेरीपटावर नोंदवून, बक्षिसी त्याच्या वर, त्याच्या बदल्यात नव्हे. हसणे हे वेट्रेसच्या नोकरीचे कलम राहू नये. तिला हसावेसे वाटेल तेव्हा ती हसेल.