कृमिचिकित्सा एकट्या बालकाची नव्हे

जांब समर्थसारख्या गावी बालकास रात्री गुदकंडू होऊ लागला की पालक औषधी दुकानातून विडंगारिष्टाची बाटली नेतात. महिन्याभराने तक्रार पुन्हा उभी! दोष विडंगाचा नव्हे. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असा क्रम सांगितला. आपण मधलेच सूत्र धरून बसलो आहोत. सूत्रकृमींची अंडी अंथरुणा-कपड्यांवर दोन आठवड्यांपर्यंत तग धरतात व नखांवाटे पुन्हा मुखात जातात. म्हणून एकाच वेळी घरातील सर्वांची चिकित्सा (गर्भिणीचा विचार स्वतंत्र), 15 दिवसांनी पुनरावृत्ती, नखे कापणे, अंथरूण गरम पाण्याने धुणे, हे सारे व्यवस्थापत्रावरच लिहावयास हवे. केवळ तोंडी सांगितलेले दारापर्यंतही टिकत नाही. 2015 पासूनच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या मुलांस अल्बेंडाझोल दिले जाते. त्यास आपल्यापैकी काहींनी विरोध करणे मला अनाठायी वाटते. घरातील मोठी माणसे त्या वयोगटात येत नाहीत. त्यांच्यापर्यंत कुटुंबवैद्यानेच पोहोचावे. औषधी विक्रेते बंधूंस एक आग्रहाची विनंती: कृमिमुद्गर रसात कुचला आहे. वैद्याच्या चिठ्ठीवाचून तो बालकासाठी कदापि देऊ नये.