श्रेयांक जमा, शिक्षक वजा

15 ऑगस्ट 1990 रोजी जळगावला विद्यापीठ स्थापन झाले. त्यापूर्वी जळगाव आणि धुळ्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी पदवीसाठी पुणे विद्यापीठाकडे डोळे लावून बसत. उच्च शिक्षण खानदेशच्या दारी यावे, हा नव्या विद्यापीठाचा अर्थ होता. आज त्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. परंतु त्याच्या कक्षेतील अनेक वर्गांत कायम शिक्षक नाही, आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर आता संगणकाचा पडदा बसवला जात आहे.

केंद्र सरकारने 2017 साली ‘स्वयं’ हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले. त्यावरील अभ्यासक्रमाचे श्रेयांक आपल्या महाविद्यालयात जमा करून घेता येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 च्या विनियमात यासाठी 20 टक्क्यांची मर्यादा घातली होती. 2021 मध्ये ती 40 टक्के झाली. म्हणजे एका सत्रातील शंभरपैकी चाळीस हिस्से शिक्षण महाविद्यालयाबाहेरून घेण्यास मुभा मिळाली.

या सोयीला समाजवाद्यांनी विरोध करण्याचे कारण नाही. बहिःस्थ परीक्षा देऊन पदवीधर झालेले कामगार आणि प्राथमिक शिक्षक आपल्या चळवळीला अपरिचित नाहीत. साक्री तालुक्यातील आदिवासी मुलीला आयआयटीतील प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकता येत असेल, तर ते तिने अवश्य ऐकावे. आणि तिने कष्टाने मिळवलेले श्रेयांक महाविद्यालयाने विनातक्रार नोंदवावेत. विद्यापीठाने असे श्रेयांक नाकारू नयेत, हे 2016 चा विनियमच सांगतो.

पण तोच विनियम नीट वाचा. कोणत्या परिस्थितीत ऑनलाइन अभ्यासक्रमास परवानगी द्यावी, याची कारणे त्यात दिली आहेत, आणि त्यांतले पहिले कारण आहे योग्य शिक्षक उपलब्ध नसणे! शिक्षक उपलब्ध का नाही? पात्रताधारक तरुण खानदेशात थोडे नाहीत. ते तासिका तत्त्वावर, सुट्टीत बिनपगारी, वर्षानुवर्षे राबत आहेत. पदे रिक्त ठेवली ती शासनाने. विहीर ज्याने बुजवली, त्यानेच टँकर पाठवून उपकाराची भाषा करावी, तसा हा प्रकार आहे.

शिवाय टँकरचे पाणीही सर्वांना सारखे मिळत नाही. बहुसंख्य अभ्यासक्रम इंग्रजीत. इथल्या घरांत बोलली जाते अहिराणी, लेवा गणबोली, पावरी. शिकणे विनामूल्य, पण श्रेयांकासाठी परीक्षा द्यायची तर शुल्क भरायचे. रावेरच्या केळीबागेत मजुरी करणाऱ्याच्या मुलाने ते कोठून आणावे? प्रयोगशाळा, संगणक व ग्रंथालय महाविद्यालयाने विनामूल्य आणि पुरेसे उपलब्ध करून द्यावे, मार्गदर्शक नेमावा, हेही विनियमातच आहे. सवलतीचे कलम तेवढे वापरायचे आणि जबाबदारीचे कलम कपाटात ठेवायचे, ही चलाखी आहे.

अमळनेरच्या शाळेत साने गुरुजींनी नुसते धडे शिकवले नाहीत. वसतिगृहातल्या मुलांची सेवाशुश्रूषाही केली. कोणता विद्यार्थी उपाशी आला आहे, कोणी शिक्षण सोडण्याच्या बेतात आहे, हे पडद्याला दिसत नाही. श्रेयांक एका ठिकाणाहून दुसरीकडे वळते करता येतात. माणसाची जिव्हाळ्याची नजर वळती करता येत नाही.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. शिक्षकाचा अभाव हे ऑनलाइन अभ्यासक्रमाचे कारण म्हणून मान्य करू नका. गरीब विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क शासनाने भरावे. अभ्यासक्रम मराठीत आणा. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन दोनच प्रश्न विचारावेत : मंजूर पदे किती, आणि भरलेली किती? श्रेयांक हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. शिक्षकाचा पगार वाचवण्याची ती पळवाट होऊ देता कामा नये.