दुसरं पीक का घेत नाही?

शुक्रवारी कँटीनमध्ये एक मित्र म्हणाला, "तुमच्या शहापुरात एवढा पाऊस पडतो, मग भात कापला की लोक बसून का राहतात? दुसरं पीक घ्यायला काय होतं?" मी डब्यातली भेंडी संपवली आणि विषय बदलला. आता वीकएंडला किन्हवलीला आलोय, तर सविस्तर उत्तर देतो.

मित्रा, दुसऱ्या पिकाला पाणी लागतं. आणि आमचं पाणी तुझ्या शॉवरमधून येतं.

तानसा 1892 चं. मोडकसागर 1957 चं. मग भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. सगळी आमच्या तालुक्यात किंवा शेजारी. मुंबईच्या सात तलावांत जेवढं पाणी साठतं, त्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातशाचं. आणि दर उन्हाळ्यात टँकर कुठे फिरतात? शहापूर तालुक्यात!

आता काकांचा हिशोब बघा. 2025-26 साठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. एकरी बारा क्विंटल धरले तर साडेअठ्ठावीस हजारही होत नाहीत. त्यातून खत, मजुरी, ट्रॅक्टर, मळणी वजा करा. उरेल ती वर्षाची कमाई. आपल्यापैकी अनेकांचा महिन्याचा ईएमआय यापेक्षा जास्त असेल. लोक बसून राहत नाहीत हो, उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा पेरतातच. ज्याच्याकडे बोअर आहे किंवा शेत नदीकाठी आहे, तो भेंडी लावतो आणि वर्ष निभावतो. बाकीचे कंपनीत कंत्राटी लागतात किंवा वीटभट्टीवर जातात.

भातसा प्रकल्प कागदावर बहुउद्देशीय. त्यात सिंचनसुद्धा होतं. पण महापालिका पाण्याचे पैसे रोख मोजू शकते, एकर-दोन एकरवाला नाही. थोडक्यात काय, पाणी वाटताना गरज कुणी मोजली नाही, पत मोजली. किन्हवलीला सांगायचं, धरण लांब आहे, चढ आहे. अहो, मग मुंबई काय भातशाच्या बांधाला लागून आहे?

शेजारी मुरबाडचं काळू धरणही महानगरातल्या शहरांसाठीच. वनमंजुरी नसताना काम सुरू केलं, म्हणून 2012 मध्ये हायकोर्टाने ते थांबवलं. बुडणार कोण आणि पिणार कोण, हे नेहमी आधीच ठरलेलं.

मग शेतकरी जमीन विकतो. घेणारा फार्महाऊस बांधतो, बोअर मारतो, लॉन लावतो. तेव्हा मात्र त्याच जमिनीला पाणी सापडतं :-)

मुंबईचं पाणी तोडा, असं मी म्हणत नाही. मी स्वतः ठाण्यात तेच पितो. पण भातशातला ठराविक वाटा तालुक्याच्या रब्बीसाठी कायद्याने राखून ठेवा आणि उपसा योजनांचा खर्च शहराच्या पाणीपट्टीतून काढा. मुंबईला रोज साधारण 390 कोटी लिटर पाणी जातं. हजार लिटरला एक रुपया धरला तर दिवसाचे 39 लाख, वर्षाचे 142 कोटी. गळती वजा करून थोडे कमी धरा. वर्षानुवर्षं धरणाखालची जमीन देणाऱ्यांना एवढं देणं म्हणजे उपकार नाही, थकबाकी आहे.

असो. सोमवारी कँटीनमध्ये पुन्हा भेंडी नेणार आहे. या वेळी विषय बदलणार नाही.